मायऱ्याच्या दिवशीची झोप

आमच्या मोठ्या जाऊबाईला चार भाऊ. तिच्या पोरीच्या लग्नात चौघंबी दोन जीपा भरून मायरा घेऊन आल्ते, आणि त्या गोष्टीला किती वर्षं झाली तरी ती बाई रोज सकाळी चहाबरोबर ते चार भाऊ मला पाजायची. मला भाऊ एकच, रामनिवास, आणि तोबी शिकागोला. "अमेरिकेचा भाऊ म्हणजे फोटोतला भाऊ," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची, आणि मी दात दाखवून हसायची. दुसरं करणार काय?

मायरा म्हणजे आमच्या मारवाडी लोकांतला मामाचा मान. बहिणीच्या लेकराचं लग्न निघालं की भाऊ तिच्या सासरच्या दारात येतो, पाटावर उभा राहतो. बहीण त्याला टिळा लावते, ओवाळते, आणि मंग भाऊ तिच्या डोक्यावर चुनरी ओढवतो. कपडे, दागिने ही नंतरची गोष्ट. सगळं सासर दोन्ही बाजूंनी उभं राहून ती चुनरी बघतं. ज्या बाईच्या डोक्यावर ती पडली तिच्या पाठीमागं कुणी आहे. न्हाई पडली तर जन्मभर टोमणे खा. म्हणून आमच्या मंजूचं लग्न ठरलं, अठ्ठ्याण्णव सालच्या माघात, तेव्हा मी पहिला फोन शिकागोला लावला. बँडवाल्याला नंतर.

"येतो जीजी," रामनिवास म्हणाला. "आणि ह्या वेळेस मागच्यासारखं न्हाई होणार. डॉक्टरनं गोळी दिलीय. विमानात घ्यायची, मस्त झोपायचं, उतरलं की माणूस ताजा. इथं सगळेच घेतात."

मागच्या वेळेस काय झाल्तं ते सांगते. आमचे बापू गेले तेव्हा तो बाराव्याला अंबडला आला. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्याच्या अंगाला ते काही समजेना. लोकं बसायला यायचे तेव्हा हा बैठकीत भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेला. आणि सगळं गाव झोपलं की हा गच्चीवर येरझारा घालून राह्यला. स्वेटर घालून, हात मागं बांधून. शेजाऱ्यांनी बघितलं. दुसऱ्या कुणाच्या घरी लोकं म्हणाले असते, बिचारा, बापाचं दुःख आहे. आमच्या घरी म्हणाले, सुवाबाईच्या वळणावर गेला.

सुवाबाई म्हणजे आमची भुवा, बापूंची सख्खी बहीण. ती झोपायचीच न्हाई. एकटीच हसायची, मध्येच रडायची. तिला माडीवरच्या खोलीत ठेवलं होतं, आणि औरंगाबादच्या डॉक्टरकडून तिच्यासाठी झोपेच्या गोळ्या यायच्या. मी लहान होते, पण ती कागदाची पुडी मला पक्की याद आहे, कारण ती आली की माँ सगळ्यांना गप बसवायची. भुवा गेली, पण तिचं नाव अंबडातून गेलं न्हाई. माझी किती स्थळं त्या नावानं परत गेली, काय सांगू! आमच्याकडं एकच हिशेब होता: झोपेची गोळी म्हणजे डोक्याचा आजार, आणि डोक्याचा आजार म्हणजे खानदानात आहे. मंजूच्या साखरपुड्यालाच सेलूच्या विहीणबाईनं विचारलं होतं, "तुमच्या माहेरी कुणाचं डोकं फिरलं होतं म्हणे?" मी म्हणाले, "म्हातारपणी थोडं विसरायच्या, बस." भुवा पस्तिशीत गेल्ती! पण पोरीची आई झालं की माणूस खोटं बोलायला शिकतं, आणि ते पचवायलाबी.

असो. मायऱ्याचा दिवस उजाडला. आमचं घर नवीन जालन्यात, मोंढ्याच्या मागच्या बाजूला. माझ्या मालकांची, अमृतलालजींची, अडत तिथंच. मांडव दारातच घातला होता. लग्न संध्याकाळी, मायरा सकाळी. सेलूवाले आदल्या दिवशीच धर्मशाळेत उतरले होते, आणि त्यांच्या बायका खास मायरा बघायला आल्या. विहीणबाई पहिल्या रांगेत, खुर्चीत. आमच्या जाऊबाईनं ती खुर्ची स्वतः उचलून आणून दिली होती, इतका उत्साह! माँ अंबडहून आली होती. ती विधवा, म्हणून शुभकार्यात पुढं येत न्हाई. मागं भिंतीशी चटईवर बसली होती. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा ती पीत नसे, अंबडहून बाटली भरून आणली होती.

रामनिवासला आणायला औरंगाबादच्या विमानतळावर जीप पाठवली होती. नवी भाऊ आणतो म्हणून मी जुनीच साडी नेसून, हातात आरतीचं ताट घेऊन दारात. पोटात अन्न न्हाई, पण अंगात अशी ताकद की काय सांगू. जीपचा हॉर्न वाजला आणि मी जाऊबाईकडं एकदा बघून घेतलं. बघ म्हटलं, आला माझा फोटो.

ड्रायव्हर तातेराव आधी उतरला. त्याचं तोंडच सांगत होतं. जवळ येऊन हळू म्हणाला, "बाईसाहेब, भाईजी बदनापूरपर्यंत चांगले बोलत आल्ते. नंतर बोलता बोलताच लवंडले. हलवून हलवून उठवलं."

मंग रामनिवास उतरला. एक पाय जमिनीवर, दुसरा जीपमध्येच, आणि मध्ये तो विचार करून राह्यला. कोटाला सुरकुत्या, डोळे अर्धे. चेहऱ्यावर हसू मात्र असं गोड, की मला वाटलं लहानपणीचाच आहे. बायकांनी गाणं सुरू केलं. तो आधी माँच्या पाया पडायला गेला, तर पाया पडता पडता तिच्या मांडीवरच डोकं टेकलं. तातेरावनं उठवून पाटावर आणून उभा केला.

मी टिळा लावला तर तो हलला आणि टिळा भुवईवर गेला. ओवाळलं तर त्याची नजर ताटाबरोबर फिरायला लागली आणि तो स्वतःच फिरला. मी दात आवळून म्हणाले, "रामू, चुनरी घे. चुनरी ओढव." त्यानं चुनरी घेतली. एक घडी उघडली. मंग त्याचे गुडघे वाकले आणि तो पाटावर बसला, माझ्या पायावर डोकं ठेवलं, आणि घोरायला लागला. बिलकुल खोटं न्हाई सांगत. घोरायला लागला! चुनरीचं एक टोक त्याच्या मुठीत, बाकीची रांगोळीवर पसरलेली.

गाणं बंद पडलं. बँडवाल्यालासुद्धा समजलं, तोबी थांबला.

"अगं बाई!" जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सकाळी सकाळीच? अमेरिकेत म्हणे पाण्यासारखी पितात."

विहीणबाईनं पदर नाकाला लावला. आमच्यात कांदासुद्धा बघून घेतात, आणि इथं पाटावर दारुडा! मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. माझ्या कानांतून वाफ निघून राह्यली. मी खाली वाकून त्याच्या तोंडाजवळ गेले. वास न्हाई. पुदिन्याचा थोडा, बस.

"रामू, काय घेतलंस तू?"

त्यानं डोळे उघडले, पार खोल पाण्यातून वर आल्यासारखे. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "विमानात घेतली... आलीच न्हाई झोप. मुंबईला पहाटे अजून एक... जीजी, तुझ्यासाठी ताजा..." आणि गेला परत.

हे फक्त मी ऐकलं, आणि त्याला उचलायला आलेल्या माझ्या मालकांनी. माझ्या जिवात जीव आला. दारू न्हाई, औषध आहे! मी पट्टी मुठीत धरून ताठ उभी राहिले. आता सगळ्यांच्या नाकावर मारते म्हटलं, आधी जाऊबाईच्या. तोंड उघडणार तेवढ्यात मालकांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली. पट्टी काढून घेऊन स्वतःच्या खिशात टाकली.

"काय सांगणार आहेस?" ते कानात म्हणाले. "सुवाबाईच्या भाच्याकडं झोपेच्या गोळ्या निघाल्या, हे? विहीणबाईला? पिणारं माणूस लोकं विसरतात, बसंती. वेडं न्हाई विसरत."

आणि त्यांनी वळून सगळ्यांपुढं हात जोडले. "माफ करा. एकटं राहून तिकडं सवय लागली पोराला. आमचा साला आहे, आमची शरम आहे." माझ्या पायावर माझा भाऊ झोपलेला, आयुष्यात ज्यानं सोड्याची बाटलीसुद्धा विचारून घेतली असा भाऊ, आणि मी त्याच्या डोक्यावरून नजर काढून रांगोळीकडं बघत उभी राहिले. रांगोळी माझ्या धाकट्या नणंदेनं काढली होती, मोर होता.

व्याही भले माणूस. "होतं, होतं अमृतलालजी," म्हणाले. पण विहीणबाई खुर्चीतून उठल्या. "होतं कसं? मुलीचा मामा आहे. उद्या आमच्या पोराच्या शेजारी बसणार. लग्न संध्याकाळी आहे ना? बघू." आणि बायकांना घेऊन धर्मशाळेत निघून गेल्या. मंजू आतल्या दाराशी हळद लावलेल्या हातांनी उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं.

रामनिवासला मागच्या खोलीत टाकला. दुपार टळेपर्यंत तो हलला न्हाई. मी तीनदा जाऊन श्वास बघून आले, आणि दरवेळी आधी राग यायचा आणि मंग रडू. एवढा शिकलेला माणूस, आणि कुठला दिवस कुठली रात्र एवढं समजू नये? मुंबईला पहाट म्हणजे इथं लग्नाची सकाळ, हे समजायला इंजिनियर लागतो का? पण राग तरी कशाचा करू. मागच्या वेळेस झोपला न्हाई म्हणून लोकांनी वेडा म्हटलं, ते ऐकूनच त्यानं ह्या वेळेस गोळी घेतली होती.

तो उठला तेव्हा मालकांनी त्याला सगळं सांगितलं. पहिलं तो हसला. मंग माझं तोंड बघितलं आणि हसू गेलं.

"म्हणजे मी दारुडा?"

"आजच्या दिवस," मालक म्हणाले.

"आणि माँ?"

"माँला फेरे झाल्यावर सांगू. आता तिच्या तोंडून एक शब्द निघाला तरी सगळा खेळ खलास."

तो पलंगावर बसून राहिला. पायांत एकच मोजा होता. म्हणाला, "जीजी, माँनं बघितलं?" मी मान हलवली. त्यानं उठून बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, केस ओले करून नीट बसवले आणि मालकांबरोबर धर्मशाळेत गेला. तिथं त्यानं व्याह्यांचे आणि विहीणबाईंचे पाय धरले. "गलती झाली. जास्त झाली. परत न्हाई होणार," असं बराबर दारुड्यासारखं बोलला, असं मालक नंतर म्हणाले. त्याला ते कुठून येत होतं कुणास ठाऊक.

लग्नाआधी मायरा परत करायचा ठरला, आणि विहीणबाईबी आल्या. खुर्चीत बसल्या न्हाईत. उभ्याच राहिल्या, हाताची घडी घालून. तेव्हाच समजलं की त्या मायरा बघायला न्हाई, आम्हाला बघायला आल्या होत्या.

पाट मांडला. रामनिवास उभा राहिला, आता अगदी सरळ. मी टिळा लावला, कपाळाच्या मध्ये. ओवाळलं. त्यानं चुनरी उघडली, दोन्ही हातांनी माझ्या डोक्यापाशी आणली. मी मान वाकवली.

"थांब!"

मागून आवाज आला. माँचा. जावयाच्या दारात माँ कधी मोठ्यानं बोलली न्हाई, त्या दिवशी सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. ती चटईवरून उठून उभी राहिली होती.

"त्या हातानं न्हाई. पिलेल्या हाताची चुनरी माझ्या लेकीच्या डोक्यावर पडायची न्हाई. रामनिवास, बाजूला हो. नंदकिशोर, तू ये."

नंदकिशोर आमच्या काकाचा मुलगा. तो बिचारा पानाचा तोबरा थुंकून धावत आला. रामनिवास हलला न्हाई. त्यानं माँकडं बघितलं, आणि मंग माझ्याकडं. एक वाक्य होतं. माँ, तो पिलेला न्हाई. एवढंच वाक्य, आणि माझ्या जिभेवर आल्तं बरं का. पण समोर विहीणबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या हाताची घडी सुटली होती, त्या माँकडं बघून मान हलवून राह्यल्या होत्या. मी मान तशीच वाकवून ठेवली. रामनिवासनं चुनरी नंदकिशोरच्या हातात दिली, पाटावरून उतरला, चपला ठेवल्या होत्या त्या कोपऱ्यात जाऊन हात जोडून उभा राहिला. नंदकिशोरनं चुनरी ओढवली. बायकांनी भावाचं गाणं म्हटलं. सगळ्यांना वाटलं मी आनंदानं रडून राह्यले, ही मारवाडी बायकांची सोय आहे, मायऱ्यात रडलं तर कुणी कारण विचारत न्हाई.

विहीणबाई जाताना माँपाशी थांबल्या. "पिणारा कुणाच्याबी घरी निघतो, पण घर असं पाहिजे," म्हणाल्या. संध्याकाळी मंजूचे फेरे झाले. रामनिवास मांडवात मागच्या रांगेत बसला होता. आमचे जावईबुवा पाया पडायला आले तेव्हा त्यानं लांबूनच हात उचलला.

दुसऱ्या दिवशी मंजूची पाठवणी झाली आणि मी पहिलं काम केलं ते माँला मागच्या खोलीत नेऊन दार लावलं. तिची पिशवी भरलेली होती, अंबडला जायची घाई. मी तिचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. गोळ्या, विमान, मुंबई, मालक, सगळं. मला वाटलं ती रडेल, न्हाईतर माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

माँ म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं त्यानं. वास मला येत न्हाई का? बारा वर्षं मी सुवाबाईला गोळ्या दिल्या, बसंती. गोळीची झोप कशी असते ते मला कुणी शिकवायला नको."

मी खाली बसले. "मंग माँ, तू चारचौघांत..."

"ती बाई काय बघायला आली होती? घरात एक पिणारा आहे, ते तिला समजलं होतं. घर त्याला पोटाशी धरतं का दारात उभं करतं, ते बघायचं होतं. मी दारात उभं केलं." तिनं पिशवीचा बंद ओढला. एकदा ओढला, सुटला, परत ओढला. "नातीचं लग्न होतं."

मी म्हणाले, आत्ताच रामूला बोलावते, सांगते की तुला सगळं माहीत आहे. माँनं माझा हात असा पकडला, म्हातारीत इतकं बळ कुठून आलं? "खबरदार! आईची गैरसमजूत झाली, हे पोरगं सहन करतं. आईनं जाणूनबुजून केलं, हे न्हाई करत. त्याला सांगायचं न्हाई. माझी शपथ आहे तुला."

रामनिवास चार दिवसांनी परत गेला. जाताना माँच्या पाया पडला. तिनं डोक्यावर हात ठेवला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "जीजी, आता लग्न झालं. माँला सांग ना." मी म्हणाले, सांगते. दुसरं काय म्हणणार होते?

मंग दर रविवारी त्याचा फोन. माझ्याकडं आला की पहिला प्रश्न तोच. "सांगितलंस?" मी म्हणायची, मौका न्हाई मिळाला. मंग म्हणायची, तिची तब्येत बरी न्हाई. मंग म्हणायची, फोन कटून राह्यला.

चैत्रात विहीणबाई मंजूला घेऊन अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला आल्या. देवीवरून माँच्या घरी चहाला. मी आणि जाऊबाई जालन्याहून गेल्तो, जाऊबाईला असले मौके सुटत न्हाईत. सगळ्या बैठकीत बसलो होतो, सगळ्यांच्या हातात बशा, आणि फोन वाजला. रविवार होता. अमेरिकेचा फोन म्हणून रामनिवास नेहमी ओरडूनच बोलायचा, भिंतीपर्यंत ऐकू यायचं.

"माँ, मी बोलतोय! तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," माँ म्हणाली.

विहीणबाईंनी बशी खाली ठेवली. "मामाजींचा फोन का? सुटली का त्यांची?" त्या हळूच म्हणाल्या. काळजीनंच विचारलं, माझं मन मला सांगतं. जाऊबाईनं तर श्वाससुद्धा थांबवला होता. मंजू माझ्याकडं बघून राह्यली, तिला अजून गोळ्यांचं काही माहीत नव्हतं.

माँनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिचा चेहरा बिलकुल बदलला न्हाई. पण दुसऱ्या हातानं तिनं माझा पदर धरला आणि मुठीत आवळला.

"रामनिवास," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दारू सोडलीस का?"

"सोडली, माँ," तो म्हणाला.